पाऊल टाकलं की फोन करा

हरीशच्या घरात कुठलीच गोष्ट वेळेवर होत नसे, कारण प्रत्येक गोष्ट मुहूर्तावर व्हायची. गॅसची नवी शेगडी महिनाभर खोक्यात पडून राहिली आणि जुनीवर रोज दूध उतू गेलं, कारण आईच्या मते चांगला दिवस पुढच्या पंधरवड्यात होता. हरीशच्या मुलीला, मृणालला, शाळेत घालायचं ठरलं तेव्हा शाळेनं दिलेली तारीख आईनं पंचांगात तपासली, नाक मुरडलं, आणि हरीशला सांगितलं, पोरीला आदल्या दिवशी घेऊन जा आणि शाळेच्या फाटकाला तिचा हात लावून आण. प्रवेश मुहूर्तावर झाला आणि शाळेला त्याचा पत्ताही लागला नाही. हरीश हे सगळं हसत हसत करायचा. दिल्लीच्या मंत्रालयात नोकरी करणाऱ्या माणसाला थांबायचं वावडं असून चालत नाही.

आईचं नाव कुमुदिनी, पण सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत ती ‘पंचांगवाली आंटीजी’ होती. शेजारच्या पंजाबी बायका स्कूटर घ्यायच्या आधी तिला विचारून जात. तिच्या मुहूर्तांना कधी भीक घातली नाही ती एकाच माणसानं, आणि तो होता तिचा सख्खा दीर, भाऊसाहेब.

आईबापावेगळा भाऊसाहेब शाळकरी वयात थोरल्या भावाकडे दिल्लीला आला, तेव्हा आईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोरगं आल्या दिवसापासून ताटाला पाट नाही, पाण्याला पेला नाही अशा तक्रारी करायला लागलं, म्हणून तिनंच त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं आणि तेच जन्माला चिकटलं. त्याच्या चड्ड्या तिनं धुतल्या, विषमज्वरात त्याच्या उशाशी ती बसली. हरीश जन्मला तेव्हा तिला एक मूल आधीचंच होतं म्हणा ना. पुढं भाऊसाहेब नोकरी लागून पुण्याला गेला, संसार थाटला, पण दर रविवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला, आणि ‘वहिनी, आज काय काय अशुभ आहे?’ हा पहिला प्रश्नही ठरलेला.

त्याला चिडवायचा हक्क होता. तो कॉलेजात असताना दक्षिण दिल्लीत शेतं मोजून प्लॉट पाडत होते. कुठूनशी बातमी काढून तो धावत घरी आला, अर्ज आजच्या आज द्यायचा म्हणून. नेमका पितृपंधरवडा चालू होता. ‘पितरांच्या दिवसांत जमीन? डोकं फिरलंय का तुझं?’ आई म्हणाली, आणि हरीशच्या वडिलांनी नेहमीप्रमाणे बायकोच्या हो ला हो केलं. घटस्थापनेला नवा कोट घालून वडील अर्ज द्यायला गेले, तर मुदत संपून खिडकी बंद. पुढं चाळीस वर्षं आई सरकारच्या भिंतींत राहिली. एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये. आधी नवऱ्याच्या नोकरीच्या, मग मुलाच्या. भिंत आपली नाही म्हणून तिनं कुठल्याच घरात हौसेनं खिळा ठोकू दिला नाही. नवऱ्याचा फोटोसुद्धा कपाटावर टेकवून ठेवलेला.

भाऊसाहेबानं ती चूक आपल्यापुरती दुरुस्त केली. कामासाठी दिल्लीत आला असताना त्यानं हरीशला कचेरीबाहेर बोलावलं, चहाच्या टपरीवर सही घेतली आणि भर अमावास्येला त्याचं नाव एका सहकारी सोसायटीत घातलं. तेव्हा त्या भागाला पप्पनकलां म्हणत आणि तिथं मोहरी उभी असायची. घरी येऊन त्यानं सांगितलं, तेव्हा आई त्याच्याशी बोलेनाशी झाली. परत निघायच्या दिवशी मात्र तिनं त्याला पुरणपोळ्या बांधून दिल्या.

सोसायटी वर्षानुवर्षं कोर्टात आणि कागदांत अडकून पडली. मग देशाचंच वारं फिरलं. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मृणाल तिथल्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला जायला लागली आणि फोनवर गोऱ्या लोकांना आपलं नाव मॉली सांगायला लागली. मोहरीच्या शेतांची द्वारका झाली, सेक्टर पडले, आणि एका उन्हाळ्यात हरीशच्या हातात फ्लॅटची किल्ली आली.

आता साधी गोष्ट, की किल्ली आली, कुलूप उघडलं, आत गेलो. पण वास्तुशांत झाल्याशिवाय आई उंबरा ओलांडायला तयार नव्हती. आषाढ तर चालतच नव्हता. श्रावणात खिडक्यांना काचा नव्हत्या. मग पितृपंधरवडा, त्यावर त्या वर्षी नेमका अधिक आश्विन येऊन बसला. हे असं चालू असताना आईचं हृदय थकत गेलं. पाय सुजले, बसल्या जागी धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हरीशला बाजूला घेऊन सांगितलं, महिन्यांची गोष्ट नका करू, आठवड्यांची करा.

‘आई, नुसतं बघून तरी ये,’ हरीश म्हणाला. ‘गाडीनं नेतो. आत शिरू, परत येऊ.’

‘आपल्याच घरात चोरासारखी शिरू? थांबले एवढी, आणखी थोडं थांबेन.’

ती थांबेल, याची हरीशला खात्री नव्हती. आयुष्यात तिनं फारसं काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं होतं ते आता तिच्यापासून तासाभराच्या वाटेवर होतं. तिला एकदा त्या घरात बसलेली बघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी तुळशीची लग्नं लागल्यावर एक दिवस निघाला. पहाडगंजात राहणारे शंकरगुरुजी दिल्लीतल्या मराठी घरांची कार्यं करायचे. ते फोनवर म्हणाले, ‘हा एवढाच दिवस आहे बघा. पुढं शुक्राचा अस्त, मग पौष. हा गेला की थेट माघ.’ आणि मग म्हणाले, ‘असं करू या का, मी आदल्या दिवशी येऊन नांदीश्राद्ध उरकतो. पितरांना एकदा बोलावून घेतलं की कार्याला सुरुवात झाली. मग मध्येच सोयर येवो, सुतक येवो, अडत नाही. आईंची प्रकृती अशी, म्हणून म्हटलं.’

हरीशला ते पटलं होतं. पण संसदेचं अधिवेशन चालू होतं, रोज प्रश्नांची उत्तरं जात होती, आणि एका दिवसाच्या रजेसाठीच त्यानं साहेबांसमोर नाक घासलं होतं. ‘गुरुजी, सगळं एकाच दिवशी नाही का होणार?’

‘होतं की. न व्हायला काय झालं?’

‘मग चलो, तसंच करू या.’

भाऊसाहेबाला दम्यामुळं दिल्लीची थंडी सोसवत नव्हती, त्यामुळं तो येणार नव्हता. पण त्यानं फोनवर वहिनीला बजावून ठेवलं होतं, ‘पाऊल टाकलं की मला फोन करा. आधी फोन, मग आरती. चाळीस वर्षं तुमचे मुहूर्त ऐकतोय, आता माझं एवढं ऐका.’

त्या दिवशी विनया, हरीशची बायको, अंधारातच द्वारकेला गेली, रांगोळी, नैवेद्य, स्वयंपाकी, सगळं बघायला. मृणाल रात्रपाळी संपवून ऑफिसच्या गाडीनं परस्पर तिकडे येणार होती. क्वार्टरमध्ये हरीश आणि आई दोघंच. आई आतल्या खोलीत साडी नेसत होती. बाहेर धुकं इतकं, की समोरची क्वार्टर्स दिसत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

‘दादा, उन्मेष बोलतोय.’ भाऊसाहेबाचा मुलगा. ‘बाबा गेले.’

‘काय?’

‘पहाटे. झोपेतच. आई चहासाठी उठवायला गेली तर...’ उन्मेष रडायला लागला, आणि रडता रडता एकदम थांबला. ‘दादा, आज तुमची वास्तुशांत ना? अरे देवा. मला सुचलंच नाही रे. आई म्हणाली, आधी दिल्लीला कळव. मी लावला फोन. दुपारी करायला हवा होता.’

‘नाही, बरं केलंस,’ हरीश म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. सायकल शिकवताना मागून धरलीय धरलीय असं ओरडत केव्हाच सोडून दिलेला काका त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला हंबरडा फोडावासा वाटला. पण त्याच्या मागोमाग, अगदी त्याला ढकलून, दुसरीच गोष्ट पुढं आली. सख्खा काका. आईचा सख्खा दीर. दहा दिवसांचं सुतक. देवाला हात लावायचा नाही, शुभकार्य करायचं नाही. आणि सुतक लागतं ते ऐकल्यापासून. तिकडं माणूस गेला असला, तरी इकडं कानावर आलं नसेल, तर तुम्ही मोकळे. आणखी थोडा वेळ गेला असता, तो गाडीत बसला असता, फोन रिकाम्या घरात वाजून वाजून थांबला असता, तर सगळं रीतसर पार पडलं असतं. संध्याकाळी ऐकलं असतं, संध्याकाळी रडलो असतो. त्यानं फोनकडं असं पाहिलं, जणू त्याचाच गुन्हा होता.

‘कुणाचा रे?’ आईनं आतून विचारलं.

‘सोसायटीच्या खुरानांचा,’ तो म्हणाला. ‘जनरेटरचं विचारत होते.’

हे तोंडातून कसं निघालं ते त्याला कळलं नाही. विचार करून तो खोटं बोलला असं नव्हे. आई बाहेर आली की सांगू, तिला धरून बसवू, पाणी देऊ आणि सांगू, असंच त्याच्या मनात होतं. तो तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलासुद्धा. आई पलंगाच्या कडेला बसली होती. मोतिया रंगाची रेशमी साडी, वडिलांनी घेतलेली, घडीच्या जागी विरलेली. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण फडक्यात गुंडाळून तिनं पदराखाली छातीशी धरला होता. एवढं आवरण्यानंच तिला धाप लागली होती, पण ती हसत होती.

‘ने रे बाबा आता,’ ती म्हणाली. ‘मला वाटत होतं, माझं काही इथून निघणं होत नाही. निघाले बघ.’

हरीशनं तिला उठवलं. माघात ती नसेल हे त्याला माहीत होतं, आणि सांगितलं तर ती इथून हलणार नाही हेही. पुढं कुणी त्याला विचारलं असतं की तू ठरवलंस केव्हा, तर त्याला ते सांगता आलं नसतं. त्यानं काहीच ठरवलं नाही. तो फक्त बोलला नाही.

गाडीत आई खिडकीला नाक लावून बसली. पालमचा पूल चढताना धुक्यातून एक विमान इतकं खाली आलं की तिनं मान आत घेतली. मग सरळ रुंद रस्ते लागले, दोन्ही बाजूंना अर्धवट उभे मनोरे, बांबूच्या परांच्या, मोकळ्या मैदानात एखादी म्हैस. ‘केवढं झालं रे हे सगळं! आणि मी मेली त्याला म्हणाले होते, कोल्हेकुई ऐकायला जाऊ का तिकडं?’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘त्याला सांगायला हवं, त्याच्या अमावास्येला फळ आलं म्हणून.’ हरीश ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी खुराना, तोंडभर हसू आणि पट्ट्याला अडकवलेला मोबाइल अशा थाटात खाली उभेच होते. आईला खुर्चीत बसवून एका बाजूनं त्यांनी आणि दुसऱ्या बाजूनं हरीशनं जिना चढवला. ‘माताजी, आज तो आपकी सवारी निकली है,’ खुराना धापा टाकत म्हणाले, आणि आई लाजली.

दारात विनयानं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आईला उभं केलं. गुरुजी म्हणाले, उजवं पाऊल. आईनं एका हातानं बाळकृष्ण आणि एका हातानं हरीशचं मनगट धरलं आणि पाऊल आत टाकलं. मग दुसरं. आत उन्हाचा एक पट्टा पडला होता, धुकं फाटायला लागलं होतं. ती त्या उन्हात जाऊन उभी राहिली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तिनं तळहात टेकवला.

‘ही आपली?’

‘आपलीच,’ विनया म्हणाली.

‘मग इथं ठोका खिळा. यांचा फोटो इथं.’

विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. हरीशच्याही आलं, आणि ते कशाचं हे कुणी विचारायचा प्रश्न नव्हता.

‘लावा मग फोन त्याला,’ आई म्हणाली. ‘आधी फोन, मग आरती.’

‘आई, इथं फोन कुठं आलाय? लाइन मिळायला वेळ आहे अजून,’ हरीश घाईनं म्हणाला. ‘आधी पूजा होऊ दे. मग मी खालच्या बूथवरून करतो.’

ती बसली. पाटावर हरीश आणि विनया बसले. गुरुजींनी पळीपंचपात्र पुढं ओढलं आणि दरवेळी विचारतात तसं, दर्भ जुळवता जुळवता, वर न बघता विचारलं, ‘सोयर-सुतक काही नाही ना?’

‘नाही,’ हरीश म्हणाला.

आवाज अगदी स्वच्छ निघाला. त्याचंच त्याला भय वाटलं. त्यानं तळहातावर पाणी घेतलं, संकल्प सोडला. नांदीश्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी एकेकाची नावं तो गुरुजींच्या मागून म्हणत गेला. तिकडं भाऊसाहेबाला अजून घरातून नेलंही नसेल, आणि इकडं त्याचा पुतण्या मेलेल्यांना आनंदानं जेवायला बोलावत होता. होमाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून त्याला डोळे पुसता आले, ही एक सोय झाली. मधूनच तो आईकडं बघायचा. ती खुर्चीत ताठ बसून प्रत्येक आहुतीला मान डोलावत होती, आलेल्या बायकांना आत जा, स्वयंपाकघर बघा म्हणून पाठवत होती. इतकी वर्षं तिच्या चेहऱ्यावर हे कधी दिसलं नव्हतं. हे मी बरोबर केलं, असं त्याला एका क्षणी वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी आपण हलकट आहोत असं वाटायचं.

पूर्णाहुती झाली. आरतीचं तबक विनयानं उचललं, तशी आई म्हणाली, ‘थांब. बूथवर गेला का हरीश?’

‘जातो ना आई. आरती...’

‘अजी बूथ किसलिए?’ खुराना पुढं झाले. दुसऱ्याच्या घरच्या आनंदात उपयोगी पडायची ही संधी ते सोडणार नव्हते. पट्ट्याचा मोबाइल त्यांनी असा काढला, की जमलेले सगळे बघायला लागले. ‘ये किस दिन काम आएगा? माताजी, पूना ना? जी भर के बात करो.’

‘रेंज नहीं होगी यहाँ,’ हरीश म्हणाला.

‘फुल है जी!’

‘बैटरी...’

‘यार हरीशजी, रात भर चार्ज किया है!’

हरीशनं हात पुढं केला. आपण घ्यावा, गॅलरीत जावं, काहीतरी बोटं फिरवावीत, काका भाजीला गेलाय म्हणून सांगावं. पण रात्रभर जागून तांबरलेल्या डोळ्यांनी मृणाल मध्ये आली आणि तिनं तो आधी घेतला. फोन हा तिचा प्रांत. ‘बाबा, तुम्हाला नाही येणार. मला छोट्या आजोबांचा नंबर पाठ आहे.’ तिनं नंबर फिरवला, ऐकलं, ‘रिंग जातेय,’ म्हणाली आणि फोन आजीच्या कानाला लावून तो तिथंच धरून उभी राहिली.

‘मृणाल,’ हरीश म्हणाला.

आई उत्सुकतेनं जरा मोठ्यानंच म्हणाली, ‘हॅलो! कोण, कुसुम का? अगं, टाकलं बरं का पाऊल! दे त्याला.’

कुसुमावती, भाऊसाहेबाची बायको. ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. हरीश फक्त आईचा चेहरा बघत होता. त्यावरचं हसू गेलं नाही, ते जागच्या जागी राहिलं, नुसतं आतून रिकामं झालं. तिनं एकदा हरीशकडं पाहिलं. मग नजर फरशीवर टेकवली.

‘हो,’ ती अगदी हळू म्हणाली. ‘हो गं. कळलं. उन्मेषचा फोन आला तेव्हाच, सकाळी कळलं मला. म्हणून तर लावायला सांगितला. ‘दे त्याला’ ते सवयीनं गेलं तोंडातून.’ मग बराच वेळ ऐकत राहिली. ‘सांभाळ. उन्मेषला जवळ घे. ठेवते.’

‘क्या बोले देवरजी?’ खुरानांनी आनंदानं विचारलं.

आईनं मान वर केली. ‘खुश हैं,’ ती म्हणाली. ‘बोले, भाभी, अब आराम से बैठो.’ आणि विनयाला म्हणाली, ‘हं, म्हणा आरती.’

आरती झाली. तिनं टाळ्या वाजवल्या. पंगती बसल्या, आलेल्या प्रत्येकाला तिनं आग्रह केला, गुरुजींना वाकून नमस्कार केला. खुरानांच्या बायकोनं हातात लाडू ठेवला, तो तिनं कण कण करून खाल्ला. हरीश वाढपात होता. तो जितक्या वेळा तिच्यासमोरून गेला, तितक्या वेळा ती दुसरीकडंच बघत होती. तिनं सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माणसं गेली. विनया पाहुण्यांना पोचवायला खाली उतरली. मृणाल कोपऱ्यातल्या गादीवर तशीच झोपून गेली होती. आई म्हणाली, ‘हरीश, इकडं ये.’

तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

‘मी विचारलं, कुणाचा फोन. तू म्हणालास, खुरानांचा.’

‘हो.’

‘गुरुजींनी विचारलं तेव्हाही नाही म्हणालास.’

‘हो. आई, मला दुसरं काही सुचलं नाही. परत दिवस कधी आला असता? तू इतकी थांबलीस... मला माफ कर. तुला तुझ्या माणसासाठी रडूसुद्धा दिलं नाही मी.’

‘माफी कसली मागतोस?’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळं हरीशचा उरलासुरला धीर सुटला. ‘ऐक, तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. फोन कानाला होता. कुसुम म्हणाली, ताई, हे गेले. आणि माझ्या मनात आधी काय आलं माहितीय? आलं, की पाऊल तर टाकून झालंय. आधी ते आलं रे. बरं झालं, टाकून झालं. आणि मग तो आला.’

सकाळी फोन ठेवल्यावर हरीशच्याही मनात काय पुढं आलं होतं, ते त्याला आठवत होतं.

‘चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, तेव्हापासून सांभाळला मी त्याला,’ आई म्हणाली. ‘आणि मला घर आठवलं.’

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. हरीशनं धरलं.

‘कुठं निघालीस?’

‘न्हाणीघरात. ऐकलंय ना, आता सुतकाची आंघोळ करायला नको? डोक्यावरून पाणी घाल माझ्या. साडीसकट. मग तूही घे.’

‘आई, पाणी थंडगार आहे. गीझर बसवायचाय अजून. डॉक्टरांनी तुला...’

‘त्याच्यासाठी एवढं तरी वेळेवर करू दे मला.’

नळाला पाणी नव्हतं. टँकरनं आणून पूजेसाठी भरलेलं एक पिंप होतं, माणसांच्या वापरानं तेही तळाला गेलेलं. हरीशनं पाट आणून ठेवला, तिला त्यावर बसवलं आणि तांब्या भरला. पहिलं पाणी डोक्यावर पडलं तशी ती शहारली, रेशमी साडी अंगाला चिकटली आणि तिची पाठ किती लहान झाली आहे ते त्याला दिसलं. दुसऱ्या तांब्याला तिला रडू फुटलं. भाऊसाहेबा, भाऊसाहेबा, असं ती लहान मुलाला हाक मारावी तशी हाक मारत होती, मध्येच श्वास अडकत होता, ओठ निळे पडत होते.

दाराशी विनया येऊन उभी राहिली होती. ‘अहो, हे काय करताय? मारून टाकाल त्यांना!’ ती ओरडली. त्यानं थांबवायला म्हणून हात आखडला, तर आईनं तो मनगटाशी घट्ट धरला आणि म्हणाली, ‘घाल.’ पिंपात वाकून तांब्यानं तळ खरवडत तो पाणी काढत राहिला, तिच्या डोक्यावर घालत राहिला, आणि प्रत्येक वेळी म्हणत राहिला, ‘झालं आई. झालं. एवढंच.’